कोकरबूम ओळखायला शिकतोयस? मग आधी एवढंच बघ

मस्त झाड धरलंयस, नामिबिया-दक्षिण आफ्रिकेतलं कोरफडीच्या जातकुळीतलं! पण लगेच पानांचे सेंटीमीटर मोजत बसू नकोस, ते नंतर.

१. फांद्या: कोकरबूमचं जाड खोड आधी सरळ वर जातं आणि मग फांदी दोनात, परत दोनात अशी फुटत जाते. बुंध्यापासूनच झुडपासारखं फुटलं असेल तर बहुतेक रॅमोसिसिमम, म्हणजे त्याची झुडपी भावंड-जात.

२. फुलं: पिवळी, तिकडच्या हिवाळ्यात म्हणजे जून-जुलैत, तुरे उभे. पिलान्सी या दुसऱ्या भावंड-जातीचे तुरे पानांखालून लोंबतात, नवशिके इथेच हमखास फसतात.

३. साल: सोनेरी-तपकिरी पापुद्रे, कडा धारदार, हात जपून लाव. वर फांद्यांवर पांढरट पूड असते, ती ऊन परतवते.

आणि जागा लिहिताना नुसतं 'वाळवंट' लिहून मोकळा होऊ नकोस (सगळे तेच करतात), दक्षिण नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेचा नॉर्दर्न केप, त्यातही खडकाळ उतार, कारण खडकांच्या फटीत मुळांना पकड मिळते, नामिबियातल्या कीटमन्सहूप गावाजवळच्या कोकरबूमच्या जंगलाचे फोटो बघितलेस की कळेल. जुन्या पुस्तकांत हे अ‍ॅलो डायकोटोमा म्हणून सापडेल, 2013 पासून अलोइडेंड्रॉन झालंय, झाड तेच. बियांचं वगैरे आत्ता सोड, फोटो टाक मग बोलू.