आज्जीच्या फोटोत पाचवारी साडी होती
वाचकांचे प्रश्न, सांगलीच्या फोटोग्राफर ताईंची उत्तरं

प्रश्न (तासगावचे एक वाचक): ताई, मागच्या अंकात तुम्ही एका ओळीत लिहिलंत की "आज्जीच्या फोटोपायी मी या कामात आले" आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेलात. ते जरा नीट सांगा की. लग्नं, प्री-वेडिंग असली चलती कामं असताना घरच्या माणसांच्या फोटोंचं एवढं का मनावर घेतलंत?

उत्तर: सांगते, जरा लांबण लागेल.

माझी आज्जी १९९९ ला गेली, मी नववीत होते. दहाव्याला हार घालायला फोटो पाहिजे म्हणून घरातली ट्रंक, कपाटं, देवघराखालचा खण सगळं उचकटलं, तर आज्जीचा एकटीचा म्हणून एकपण फोटो निघाला नाही. ऐंशीच्या घरातली बाई, पाच पोरं वाढवलेली, आणि तिचा एक फोटो नाही. शेवटी आत्याच्या लग्नातला एक ग्रुप फोटो सापडला, त्यात ती मागच्या रांगेत उभी आणि अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्यामागं. तोच घेऊन काका स्टुडिओत गेले. तेव्हा आमच्याकडं हे काम हातानं चालायचं, म्हणजे चेहरा मोठा करून घ्यायचा, कात्रीनं कापायचा, दुसऱ्याच कुणाच्या तरी धडावर चिकटवायचा, जोडावर ब्रश मारायचा आणि त्या सगळ्याचा परत फोटो काढायचा.

तर तो फोटो घरी आला, बारा बाय पंधराचा, मागं निळं आभाळ. फेट्यामागं लपलेली बाजू दिसत असलेल्या बाजूवरनं बघून रंगवलेली, त्यामुळं दोन्ही डोळे अगदी एकसारखे, आणि आज्जीचे डोळे तसे नव्हते, एक जरा बारीक होता. कपाळावरचं गोंदण गेलेलं. आणि अंगावर पाचवारी साडी! आज्जीनं जन्मात पाचवारी नेसली नाही, शेवटच्या आजारपणातसुद्धा नऊवारीच. वडील त्या फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "ही आमची आई न्हवं." पण दुसरा फोटोच नव्हता, मग तोच लागला भिंतीवर.

स्टुडिओवाल्यांचा यात काही दोष नाही, त्यांच्या हातात जे दिलं त्यातनं त्यांनी जीव लावून केलं. चूक आमच्या घराची. घरात क्लिक थ्री कॅमेरा होता हो! अ‍ॅग्फाचा तो डब्बा बऱ्याच जणांना आठवत असेल, एका रोलवर बारा फोटो बसायचे. त्या बारांत बारसं आलं, महाबळेश्वरची ट्रिप आली, नवीन स्कूटर आली, स्कूटरचे तर तीन आलेत, आणि प्रत्येक वेळी आज्जी आत कायतरी करत होती. तिला कुणी "या बाहेर" म्हणलं नाही असं नाही, म्हणलं असणार, पण ती "तुमचं होऊ दे" म्हणाली असणार आणि सगळ्यांनी ते ऐकलं. माझ्या डोक्यात हे जे बसलं ते आजतागायत निघालं नाही.

पुढं मी नोकरी केली, २०११ ला साठवलेल्या पैशातनं जुना निकॉन डी नाईन्टी कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी लग्नात दुसऱ्यांच्या हाताखाली उभी राहायला लागले. नंतर स्वतःचं छोटं दुकान टाकलं. दुकान टाकल्यावर कळलं की आमच्या आज्जीचं जे झालं ते घरोघरी चालूच आहे, फक्त आता लोक आधारकार्ड घेऊन येतात. माणूस जाऊन तीन-चार दिवस झालेले असतात, मुलगा नाहीतर नातू येतो, खिशातनं कार्ड काढतो आणि म्हणतो, "ताई, हे मोठं करून द्या, दहाव्याला पाहिजे." आता कार्डावरचा तो फोटो नखाएवढा असतो, छपाईचा असतो, मोठा केला की नुसते ठिपके दिसतात, चेहरा राहत नाही. आणि तो काढलेला कसा असतो? केंद्रात रांगेत दोन तास उभं राहून, स्टुलावर बसवून, "इकडं बघा" म्हणून. दमलेला, घाबरलेला चेहरा. तोच पुढं पन्नास वर्षं भिंतीवर राहणार. असं एक कार्ड हातात आलं की मला त्या रात्री झोप लागत नाही, खरंच सांगते.

म्हणून मी ठरवलं की आपण माणसं असताना त्यांच्या घरी जायचं, त्यांच्याच कपड्यात, त्यांच्या उंबऱ्यात, सोप्यात, गोठ्यात जिथं ती बसतात तिथं फोटो काढायचा. हरिपूरला एक आजोबा होते, मुलांनी त्यांना नवा कोट घालून खुर्चीत बसवलेलं, आणि ते मला म्हणाले, "पोरी, मला पेवाकडं न्हेशील का?" हरिपूरची हळदीची पेवं तुम्हाला माहितीच असतील, जमिनीखाली खोल खड्डे काढून त्यात हळद साठवायची, २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. त्यांचं पण गेलेलं, वर नुसती मातीची खळगी राहिलेली. कोट काढून टाकला, बंडी आणि टोपीवर त्या खळगीशेजारी उभे राहिले, एक हात कमरेवर. असं उभं राहायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, हळद भरताना ते तसेच उभे राहत असणार. मुलं आधी नाराज होती आणि प्रिंट बघितल्यावर थोरला मुलगा भिंतीकडं तोंड करून रडला.

पैशाचं विचाराल तर घर लग्नांवर चालतं. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू होतो आणि तेव्हा मी पण सगळ्यांसारखीच पळत असते. त्याच्या जोरावर हे काम करता येतं.

प्रश्न (गावभाग, सांगली, एक ताई): २०१९ च्या पुरात आमचे सगळे अल्बम भिजले. आम्ही ते गच्चीवर वाळवले तर फोटो एकमेकांना चिकटून वड्या झाल्या. आता काही होईल का? आणि परत पाणी आलं तर काय करायचं?

उत्तर: ताई, त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ ची, गावभागात होड्या फिरत होत्या, त्यामुळं अल्बम वाचवायचं कुणाला सुचणार होतं, जीव वाचले हे मोठं. पाणी ओसरल्यावर माझ्याकडं लोक पोत्यातनं अल्बम घेऊन यायचे. तेव्हा मला पण सगळं येत नव्हतं, चुकत माकत शिकले, आणि दोन-तीन जणांचे फोटो माझ्या हातनं खराब झाले ते अजून मला लागतं.

जुन्या स्टुडिओ प्रिंटच्या वर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. पाणी लागलं की जिलेटिन फुगतं, मऊ होतं, डिंकासारखं होतं. तसंच एकावर एक वाळलं की दोन फोटोंचे थर एकमेकांत बसतात. म्हणून वाळलेली वडी जोर लावून सोडवायला जाऊ नका, चित्र एकाकडनं सुटून दुसऱ्याला येतं. तशीच ठेवा, जाणत्या माणसाकडं न्या, परत पाण्यात भिजवून कधी कधी सुटतात. पण आधी वरच्या फोटोचा आहे तसा फोटो काढून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तरी तेवढं राहील. काचेला चिकटला असेल तर काचेसकट स्कॅन करायचा, काच काढायची नाही.

आणि देव करो परत न येवो, पण पाणी आलंच तर भिजलेले फोटो वाळायच्या आत हातात घ्या. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत एकेक हलवून चिखल काढा, वरच्या बाजूला बोट लावायचं नाही, घासायचं नाही. मग जुन्या सुती कापडावर चित्र वर करून सावलीत पसरा, उन्हात नको, वळतात. दोन दिवसांत उरकणार नसतील एवढे असतील तर मध्ये मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालून पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाका आणि सवडीनं थोडे थोडे काढा. घाण पाण्यातले जंतू जिलेटिन खातात, गारठ्यात ते थांबतं. घरच्या रंगीत प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र बहुतेक वेळा जातातच, त्यांची शाई पाण्यात सुटते.

काय आधी वाचवायचं असं कुणी विचारलं तर मी सांगते, ज्या माणसाचा एकच फोटो आहे तो. लग्नाच्या अल्बमची कॉपी पाहुण्यांकडं सापडेल.

प्रश्न (विटा, एक कॉलेजमधला मुलगा): आता सगळ्यांकडं चांगला मोबाईल आहे, मग घरच्या फोटोसाठी फोटोग्राफर कशाला?

उत्तर: नको बोलावू, दादा. तूच काढ, आजच काढ. आज्जी-आजोबांना दाराजवळ बसव, उजेड तोंडावर एका बाजूनं येऊ दे, डोक्यावरचा ट्यूबलाईट बंद कर, आणि मोबाईल त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर धर. खूप जवळ जाऊ नको, नाक मोठं येतं, चार पावलं मागं हो. एवढं केलंस तर माझ्या कॅमेऱ्याची गरज नाही.

फक्त तो मोबाईलमध्ये ठेवू नको. माझ्याकडं येणाऱ्यांत आधारकार्डवाल्यांच्या खालोखाल "मोबाईल पडला, फोटो गेले" वाले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की फोटो बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि चार बाय सहाची एक प्रिंट काढ, चहा-वड्याच्या पैशात होते. मागं नाव, गाव, साल लिही. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढं वळ उठतो, मऊ पेन्सिल वापर, आणि चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नसेल तर पाकिटावर आधी लिही आणि मग फोटो आत घाल. आमच्याकडं जुन्या फोटोंत अशी कितीतरी माणसं आहेत जी कोण ते सांगणारं आता कुणी नाही.

प्रश्न (मिरज, एक सूनबाई): सासूबाई फोटोला तयारच होत नाहीत. "हाराचा फोटो काढताय व्हय?" म्हणतात. काय करू?

उत्तर: ही भीती खरी आहे, तिला हसू नका. त्यांच्या पिढीनं मोठा एकटीचा फोटो भिंतीवर हारासकटच बघितलाय, मग त्यांना दुसरं काय वाटणार?

मी कधी "तुमचा फोटो" म्हणत नाही. कॅमेरा बाजूला ठेवून बसते, चहा घेते, त्यांना त्यांच्या हातचं काम विचारते. एका काकूंनी तासभर नको नको केलं, मग मी म्हणलं भाकरी थापताना कडा फुटू नये म्हणून काय करता, तर त्या उठून परात घेऊनच बसल्या आणि बोलण्यात इतक्या रंगल्या की मी वीस फोटो काढले तरी त्यांनी वर बघितलं नाही. दुसरं म्हणजे नातवंडाला मांडीवर द्या, "बाळाचा फोटो काढतोय, जरा धरा" म्हणा. खोटं नाही हे, बाळाचा पण येतोच. आणि काढल्यावर लगेच दाखवा, छोटी प्रिंट त्यांच्या हातात द्या, भिंतीवर लावायची घाई करू नका. तरीपण नको म्हणाल्या तर मात्र थांबायचं. चोरून काढायचं नाही.

प्रश्न (इस्लामपूर, एक वाचक): दिवाळीला आम्ही अठरा जण जमतो. ग्रुप फोटोत कुणाचे ना कुणाचे डोळे मिटतातच.

उत्तर: मिटणारच. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी याचं गणित मांडलं आणि २००६ ला त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर माणसांच्या संख्येला तीननं भागा, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडायची चांगली आशा, उजेड कमी असेल तर दोननं भागा. म्हणजे तुम्हाला सहा, अंधारात नऊ. मी दुप्पट काढते, कारण आमच्याकडं लहान पोरं हलतात आणि काका मागं वळून कुणालातरी हाक मारतात.

म्हाताऱ्या माणसांना मधे बसवा आणि त्यांना सगळ्यात शेवटी बोलवा, बाकीची रांग लागेपर्यंत त्यांना उन्हात ताटकळत ठेवायचं नाही. आणि स्वयंपाकघरात एकदा डोकावून या, कुणीतरी आत राहिलेलं असतंच.

प्रश्न (सांगली, एक वाचक ताई): तुमच्या स्वतःच्या घरचे फोटो कोण काढतं? तुम्ही असता का त्यात?

उत्तर: बरीच वर्षं नव्हते. माझी मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा अल्बम बघताना तिनं विचारलं, "आई, तू तेव्हा गावाला गेलेलीस का?" तेव्हा पोटात गोळा आला. आता दर पाडव्याला ट्रायपॉड लावून टायमर सुरू करते आणि पळत येऊन आईशेजारी बसते. कधी केस विस्कटलेले असतात, एकदा तर कमरेला खोचलेलं फडकं तसंच राहिलेलं, तरी ती प्रिंट काढली.

आणि आज्जीचं एक राहिलं सांगायचं. तीन वर्षांमागं आत्याच्या घरी त्या लग्नातल्या ग्रुपची दुसरी प्रिंट मिळाली, न कापलेली. मी तिचा तेवढा कोपरा मोठा केला. दाणेदार आलाय, अर्धा चेहरा फेट्यामागंच आहे, पण तो बारीक डोळा दिसतो आणि नऊवारीचा काठ दिसतो. वडिलांनी पाचवारीवाला काढू दिला नाही, म्हणाले, "एवढी वर्सं त्यालाच हात जोडलेत." मग हा त्याच्या खालीच लावलाय, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर ते आधी खालच्या फोटोकडं बघतात.