मुंबईत सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं इंजिन ऑइल स्वतः बदलता येईल का?

येईल की, पण आधी सेक्रेटरींना विचारा. माझ्याकडून फरशीवर थोडं सांडलं, तर रविवारची अख्खी दुपार घासण्यात गेली!

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा, कोमट ऑइल भरभर उतरतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, जॅक स्टँड (गाडी पेलून धरणारे पक्के आधार) हवेतच. ड्रेन प्लग, म्हणजे इंजिनखालचा ऑइल सोडायचा बोल्ट, परत लावताना नवा वॉशर घाला. जुन्या ऑइल फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना, ते बोट फिरवून बघा. नव्याच्या रबराला ऑइलचा हात लावून फिल्टर हातानेच आवळा. नव्या ऑइलचा ग्रेड (दाटपणा) आणि माप मॅन्युअलमधलंच. काळं ऑइल गटारात ओतू नका, ते खाडीत जातं. कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.