बेळगावात घरीच गाडीचं ऑइल बदलायचंय. व्हॅक्यूम पंपाने डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीच्या) नळीतून जुनं ऑइल पूर्ण निघतं का?

बहुतेक निघतं, शेवटचा थेंब नाही. इंजिन पाचेक मिनिटं चालवा, बंद करा, ऑइल खाली उतरू द्या, मग पाइप तळाला टेकेपर्यंत घाला. निघालेलं ऑइल मोजून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. अर्धा लिटर कमी आलं तर पाइप मागे घेऊन परत घाला. फिल्टर बदलायचाच. तो खालच्या बाजूला असेल तर गाडीखाली शिरावंच लागतं, मग पंप घेण्यात काय अर्थ? वर असेल तर खानापूरच्या पावसात चिखलात झोपणं टळतं, एवढं खरं. तळाचा गाळ पंपाला येत नाही, म्हणून अधूनमधून ड्रेन प्लगही, म्हणजे इंजिनाच्या तळाचा ऑइल सोडायचा बोल्ट, उघडा. जुनं ऑइल गटारात नको. उद्यमबागेतल्या एखाद्या गॅरेजवाल्याला विचारून त्याच्या पिंपात ओता.