सोमवारची सातची गाडी
वाचकांचे प्रश्न, तिकीटखिडकीची उत्तरं

मागच्या अंकात संपादकांनी "इंग्लंडमधल्या रेल्वे तिकिटांबद्दल काहीही विचारा" अशी चौकट छापली आणि खाली मला उभं केलं. मी कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले. वडील बुकिंगला होते. १९९८ साली मिडलँड्समधल्या एका स्टेशनच्या तिकीटखिडकीत मी बसले आणि एकवीस वर्षांनी उठले. मी लागले तेव्हा ऑफ-पीकला, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणाऱ्या स्वस्त तिकिटाला, 'सेव्हर' म्हणायचे. २००८ मध्ये नावं बदलली, पण म्हातारी गिऱ्हाइकं मी निवृत्त होईपर्यंत "वन सेव्हर, लव्ह" असंच मागायची. तुमच्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न याच तिकिटाचे आहेत, म्हणून या वेळी तेवढेच घेतले आहेत.

मावशी, नमस्कार. आम्ही दोघं ऑफ-पीक रिटर्न काढून शनिवारी बर्मिंगहॅमहून लंडनला गेलो. ह्यांना सोमवारी ऑफिस गाठायचं होतं म्हणून सकाळी सातच्या सुमाराची, लंडनच्या युस्टन स्टेशनवरून सुटणारी परतीची गाडी धरली. तपासनिसाने "हे तिकीट आत्ता चालत नाही" म्हणून फरक भरायला लावला. अहो, तिकीट तर वीकेंडचं होतं! मागच्या वर्षी ऑगस्टअखेर असेच शनिवारी गेलो आणि सोमवारी सकाळी आलो, तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. माणसं बघून नियम लावतात का? — एक वाचक, बर्मिंगहॅम

मागच्या वर्षी त्या सोमवारी ह्यांना ऑफिस होतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. माझा अंदाज, नसणार. इंग्लंडमध्ये ऑगस्टचा शेवटचा सोमवार म्हणजे बँक हॉलिडे, सार्वजनिक सुट्टी. रेल्वेच्या लेखी बँक हॉलिडे हा शनिवार-रविवारसारखाच, दिवसभर ऑफ-पीक. त्यामुळे तीच सातची गाडी मागच्या वर्षी चालली आणि या वर्षी नाही. तपासनिसाने तुमच्याकडे बघितलंच नाही, कॅलेंडरकडे बघितलं.

मूळ घोटाळा 'वीकेंडचं तिकीट' या शब्दांत आहे. असं तिकीट तुम्ही काढलंच नव्हतं. ऑफ-पीक रिटर्नचे दोन भाग असतात, जायचा आणि यायचा, आणि प्रत्येक भाग ज्या गाडीत वापराल त्या गाडीची वेळ बघतो. शनिवारी गेलात, तिथे कुठलीही गाडी चालली असती. परतीचा भाग साधारण एक महिना जिवंत असतो, म्हणून सोमवारीही तो मेलेला नव्हता. फक्त सोमवारी सकाळी सातला तो झोपलेला होता. साडेनवानंतर आला असतात तर त्याच तिकिटावर, एक पेनीही जास्त न देता आला असतात.

साडेनऊ हा ढोबळ आकडा आहे, तो पाठ करून भांडायला जाऊ नका. सोमवार ते शुक्रवार मोठ्या शहरांत साडेनऊनंतर आणि इतरत्र नऊनंतर, असं सर्वसाधारणपणे सांगतात. पण मार्गागणिक आणि कंपनीगणिक फरक आहे, आणि लंडनहून बाहेर पडणाऱ्या काही तिकिटांना संध्याकाळचीही बंदी असते. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर वीकेंडला निघणारे तिथेच अडकतात. खरं उत्तर तिकिटावरच असतं, दोन अक्षरांचा किंवा अक्षर-आकड्याचा एक कोड. तो नॅशनल रेलच्या वेबसाइटवर टाकला की कुठल्या स्टेशनवरून किती वाजेपर्यंत चालणार नाही याची यादी उघडते. माझ्या एकवीस वर्षांत तो कोड स्वतःहून वाचलेली गिऱ्हाइकं मला बोटावर मोजता येतील, आणि त्यातले दोघे वकील होते.

आणखी एक. आपल्याकडे राजधानी-शताब्दीला २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आलं, सीट भरत जातील तसं भाडं चढतं. त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं की ऑफ-पीकही लवकर काढलं तर स्वस्त. तसं नाही. ऑफ-पीकचं भाडं ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढा नाहीतर गाडी फलाटावर लागलेली असताना काढा. संपत जातं ते अ‍ॅडव्हान्स, म्हणजे एका ठरावीक गाडीचं आधी काढायचं तिकीट. तुमची सोमवारची गाडी आधीपासून ठरलेली होती, तर जायचं ऑफ-पीक सिंगल आणि यायचं त्या सातच्या गाडीचं अ‍ॅडव्हान्स, असं जोडून बघायला हवं होतं. मात्र अ‍ॅडव्हान्स म्हणजे तीच गाडी. ती चुकली तर तिकीट कागद. तसंही काही केलं नव्हतं तरी चढण्याआधी खिडकीवर सांगून फरक भरता आला असता. पैसे तेवढेच गेले असते, चारचौघांत मान खाली गेली नसती.

तपासनिसाबद्दल राग धरू नका. त्याने फक्त फरक घेतला. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून पेनल्टी फेअर म्हणजे १०० पौंड अधिक त्या प्रवासाचं भाडं, २१ दिवसांत भरलं तर १०० ऐवजी ५० अधिक भाडं. तो रस्ता त्याने धरला नाही.

मी लीड्सला शिकतो. १६ ते २५ वयाच्यांना भाड्यात सूट देणारं १६-२५ रेलकार्ड आहे. मित्र म्हणतो सकाळी दहाच्या आत १२ पौंडांच्या खालच्या तिकिटावर सूट चालत नाही, उगाच कोर्टात जाशील. मी दर शनिवारी आठच्या गाडीने कामाला जातो, तिकीट ८ पौंडांचंही नसतं. घाबरू का? — विद्यार्थी, लीड्स

शनिवारी नको घाबरूस. ती अट सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेचार ते सकाळी दहा एवढीच आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीही नसते. वीकेंड, बँक हॉलिडे मोकळे.

पण मित्र अगदीच हवेत बोलत नाही. २०२४ मध्ये एका तरुणाला नेमकं याच अटीवरून खटल्याची नोटीस आली होती. रेलकार्ड खरं, तिकीट खरं, फरक १ पौंड ९० पेन्स. पेपरात बोभाटा झाला आणि कंपनीने माघार घेतली. तेव्हा मंगळवारी सकाळी लेक्चरला निघालास तर मात्र अ‍ॅप काय विकतंय यावर भरवसा न ठेवता अट आठव.

मावशी, आईबाबा (६४ आणि ६८) तीन महिन्यांसाठी नाशिकहून येताहेत. टू टुगेदर कार्ड घेऊ की सीनियर? ते इथले रहिवासी नाहीत. बाबांना लंडनला आंबेडकरांचं घर बघायचं आहे, रविवारी जाऊ म्हणते. — एक लेक, लेस्टर

दोन्ही कार्डांना वर्षाला ३५ पौंड पडतात, भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. टू टुगेदरवर दोघांची नावं आणि दोघांचे फोटो, आणि दोघांनी बरोबरच जायचं. एक कार्ड, दोन माणसं, म्हणजे अर्ध्या पैशांत काम. पण सोमवार ते शुक्रवार साडेनवाच्या आत ते चालत नाही, आणि आई घरी थांबून बाबा एकटे निघाले तर अजिबात चालत नाही. सीनियर साठीच्या पुढच्या कुणालाही मिळतं, रहिवासी असण्याची अट नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट पुरतो. तुमचे आईबाबा एकमेकांशिवाय कुठे जातात का, यावर ठरवा. माझे सासरे इथे आले की दर दोन दिवसांनी एकटेच स्टेशनवर जाऊन गाड्या बघत बसायचे आणि मग एखादीत चढायचे. त्यांना मी सीनियरच काढून दिलं होतं.

किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर. बाबासाहेब तिथे १९२१-२२ मध्ये राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. लेस्टरची गाडी सेंट पँक्रसला उतरवते. तिथून ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या, नॉर्दर्न लाइनची एजवेअरकडे जाणारी गाडी धरलीत तर चॉक फार्म स्टेशन, पुढे पायी. रविवारी ट्यूबला दिवसभर ऑफ-पीक भाडं. कॉन्टॅक्टलेस कार्डाने गेलात तर माणशी वेगळं कार्ड लागेल, एका कार्डावर दोघांना आत सोडत नाहीत.

रविवारची एक मेख आहे, आपल्याला ती नवी नाही: मेगाब्लॉक. इथेही रुळांची कामं शनिवार-रविवारीच काढतात आणि मधल्या टप्प्यात बस देतात. तिकीट त्या बसला चालतं, पण बाबांचे गुडघे तासभर बसमध्ये चालतात का ते बघा. निघायच्या आदल्या रात्री गाड्या तपासा, किंवा सरळ शनिवारी जा.

आणि ते उतरतील तेव्हा हीथ्रोहून मध्य लंडनला ट्यूबने येणार असाल तर रविवार असो की मध्यरात्र, २०२२ पासून त्या प्रवासाला पीकचंच भाडं लागतं. तिथे हुज्जत घालू नका, मी घालून बघितली आहे.

आम्ही सात मैत्रिणी रेडिंगहून रविवारी लंडनला गणपतीला जाणार आहोत. कुणाकडेच रेलकार्ड नाही. — रेडिंग

काढूही नका. ग्रुपसेव्ह मागा. तीन ते नऊ मोठ्या माणसांना ऑफ-पीकवर एक तृतीयांश सूट, कार्डाशिवाय. सगळ्याच कंपन्या देत नाहीत, तुमच्या मार्गावर मिळते. जाताना आणि येताना सगळ्या एकत्र हव्यात. एखादी आरतीनंतर नणंदेकडे राहणार असेल तर तिचं वेगळं तिकीट आधीच काढा, नाहीतर उरलेल्या सहाजणी गाडीत तिच्या नावाने बोटं मोडतील.

न्यूकॅसलहून लंडनचं ऑफ-पीक तिकीट वेबसाइटवर सापडत नाही. माझ्या फोनमध्ये काही बिघाड आहे का? — न्यूकॅसल

फोन ठीक आहे. त्या मार्गावरच्या मुख्य कंपनीने २०२४ च्या फेब्रुवारीपासून ऑफ-पीक काढून '७० मिनिट फ्लेक्स' आणलं. एक गाडी निवडायची, तिच्या आधीच्या किंवा नंतरच्या सत्तर मिनिटांतली दुसरीही चालते, त्यापलीकडची नाही. लग्नाला जाताना बरं आहे. लग्नाहून येताना आपल्यात कोण सत्तर मिनिटांच्या हिशेबाने निघतं? स्कॉटलंडमध्ये मात्र उलटी गंगा आहे. स्कॉटरेलने सप्टेंबर २०२५ पासून पीकचं भाडंच कायमचं काढून टाकलं, सकाळी आठला जा नाहीतर दुपारी दोनला.

ऑफ-पीकवर लंडनला जाताना मिल्टन कीन्सला उतरून बहिणीकडे जेवून पुढची गाडी धरली तर चालतं का? — कॉव्हेंट्री

बहुतेक ऑफ-पीक तिकिटांवर चालतं, कोडमध्ये मनाई नसेल तर. अ‍ॅडव्हान्सवर चालत नाही. जेवून उठल्यावरची गाडीही ऑफ-पीकची हवी, एवढं बघा. शनिवारी तोही प्रश्न नाही, हवं तेवढं जेवा.

मावशी, शेवटची शंका. माझ्या तिकिटावर ९.३० च्या आधीची गाडी चालत नाही. ९.२८ ची गाडी उशिरा म्हणजे ९.४१ ला सुटली, तर बसू शकतो का? — एक चिकित्सक, डर्बी

नाही. धरतात ती वेळापत्रकातली वेळ, सुटली ती नाही. ती ९.२८ चीच गाडी, दुपारी बाराला सुटली तरी.

तरी गार्डला विचारा. खिडकीत असताना अशा किती जणांना मी फलाटावर नेऊन गार्डशी बोलून गाडीत बसवलं, ते संपादकांना सांगितलं होतं. छापू नका असंही सांगितलं होतं.