'खजिना' हा शब्द तोंडातून काढायचाच नाही (शर्यत + जिओकॅशिंगवाल्यांसाठी)

तुमची पोस्ट वाचली आणि हसावं की रडावं कळेना. सकाळी खेडकडं घाटात (म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर) बैलगाडा शर्यत, मग मिसळ, मग चौघं मित्र मोबाइल घेऊन टेकडीवर जिओकॅशचा डबा (कुणीतरी लपवलेला, GPS वरून हुडकून आतल्या वहीत सही करायची तो) शोधायला, आणि देवळामागं गावकऱ्यांनी घेरून फोन काढून घेतले. आमचं सेम टु सेम झालेलं, म्हणून लिहितोय.

अॅप, कोऑर्डिनेट वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला येतंच. आमचं नडलं ते एका शब्दापायी. एका आजोबांनी विचारलं, "पोरांनो, काय हुडकताय?" आणि आमच्यातला एक शहाणा दात काढत म्हणाला, "खजिना!" संपलं. त्याला वाटलं ट्रेझर हंटचं झकास मराठी केलं. अरे बाबा, दिवेलागणीला देवळामागं अनोळखी पोरं काठीनं दगड उलथतायत आणि वर खजिना म्हणतायत, म्हणजे गुप्तधनच की. तिथून डोकं लिंबू, बाहुली, नरबळी इथपर्यंत जातं, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काय उगाच आला का. गावकऱ्यांना मी अजिबात दोष देत नाही.

तरी तिथं भागलं. सरपंचांसमोर डबा उघडला, आत वही, पेन्सिल आणि एक किचेन, सगळे हसले, चहा पाजला. खरा मनस्ताप पुढं झाला, कारण मला अक्कल सुचली की आता रीतसर परवानगी काढू. एका ऑफिसात (नाव घेत नाही) अर्ज दिला आणि विषय काय लिहिला, तर 'खजिना शोध खेळाबाबत'. परत तीच माती खाल्ली!! पहिलं टेबल म्हणालं ही जागा आमच्याकडं येत नाही, दुसरे साहेब जेवायला गेलेले ते गेलेलेच, तिसऱ्यानं थेट 1878 चा निखात निधी कायदा काढला, म्हणजे जमिनीत 10 रुपयांच्या वर किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं तो. मी म्हटलं साहेब, सापडत काही नाही, आम्हीच 60 रुपयांचा डबा ठेवतोय. तर म्हणे, "मग 10 च्या वर झालाच की." पाच रजा गेल्या, उत्तर आजतागायत नाही, उलट पोलीस पाटलांचा चौकशीचा फोन आला.

मी वकील नाही, नियम जागेप्रमाणं बदलतात, माझं ऐकून अडकलात तर मला शिव्या घालू नका. पण आता मी फक्त 'डबा शोधून वहीत सही करायचा खेळ' एवढंच म्हणतो. आधी गावात जाऊन कुणाला तरी डबा उघडून दाखवतो, जागामालकाला विचारतो. डबा पारदर्शक, वर मराठीत चिठ्ठी, काळी चिकटपट्टी गुंडाळलेला डबा म्हणजे लोकांना बॉम्बच वाटतो. खणायचं तर नावच नको, खेळाच्या नियमातच जागामालकाच्या परवानगीशिवाय पुरायला मनाई आहे. देऊळ आणि किल्ला दोन्ही टाळा, हे माझं वैयक्तिक मत, किल्लेवाले चिडतील तर चिडू देत. आणि वहीत पेन्सिलच ठेवा, पावसाळ्यानंतर पेनाचं नुसतं निळं पाणी होतं.

शर्यतीचंही तेच. 2014 ला सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी आली, मे 2023 ला राज्याचा कायदा कोर्टात टिकला. मधली सात वर्षं लोकांनी घाट रिकामे बघितलेत, त्यामुळं शहरातलं कुणी बैलांवर कॅमेरा रोखून बसलं की हा तक्रार करणारा का, अशी शंका येणारच. आधी कुणाला तरी विचारून मग शूटिंग करा. उभं राहायचं ते बाजूच्या उंचवट्यावर, घाटाच्या वरच्या टोकाला नाही, बारी (एका गाड्याची धाव) सुटली की पुढं स्वाराची घोडी आणि मागं चार बैल गाडा ओढत येतात, गाड्यात हाकणारा कुणी नसतो, ते शेवटच्या निशाणापाशी ब्रेक मारत नाहीत. आमच्या एकाचा चष्मा तिथंच गेला.

फोनसाठी आधी सरपंचांना भेटा, आणि जाताना त्या खजिनावाल्या मित्राला घरी ठेवा. परत मिळाले का ते इथं कळवा.