मुलगा सज्ञान झाला, मग थकलेल्या पोटगीचे काय?

जुलै २०२४ च्या अखेरीस केज तालुक्यातील एक ताई आमच्या समुपदेशन केंद्रात आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पिशवीतून त्यांनी बँकेचे पासबुक आणि दिनदर्शिकेची दुमडलेली पाने काढली. मुलाच्या पोटगीचे अडीच हजार रुपये ज्या महिन्यात आले नाहीत, त्या महिन्याच्या ५ तारखेवर फुली होती. जून २०२२ पासून मे २०२४ पर्यंत अशा चोवीस फुल्या, म्हणजे साठ हजार रुपये. जूनच्या २ तारखेला मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि वडिलांनी निरोप धाडला की आता हिशेब संपला. "पोरगं अठराचं झालं की मागचं बी बुडालं म्हणतेत. खरंय का, ताई?"

खरे नव्हते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली (१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४) निरोगी मुलाची पोटगी तो सज्ञान होताच थांबते. अंबाजोगाईला त्याचा डिप्लोमा अर्धवट आहे, एवढ्याने या कलमाखाली ती पुढे चालत नाही. शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे मूल स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर गोष्ट वेगळी. मात्र मुलगा सज्ञान होण्याआधी जे हप्ते थकले, ते देणे वाढदिवसाने फिटत नाही. घरी अविवाहित मुलगी असती, तर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० नुसार, तिला स्वतःचा निर्वाह शक्य नसल्यास, अठरानंतरही वडिलांकडे मागणी करता आली असती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केले आहे.

माझी खरी काळजी मुदतीची होती. वसुलीच्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि ही मुदत प्रत्येक हप्त्याला स्वतंत्रपणे लागते. त्या दिवशी अर्ज केला असता, तर ऑगस्ट २०२३ ते मे २०२४ हे दहा हप्ते, म्हणजे पंचवीस हजार रुपये, या मार्गाने मागता येत होते. पेरणी, लग्नसराई, "बघू दिवाळीनंतर" असे करत थांबल्यास दर महिन्याला एक फुली मुदतीबाहेर जाणार होती. आमच्या भागात हे "बघू" फार महाग पडते. आधीच्या चौदा हप्त्यांसाठी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुलीचा मार्ग वकिलांकडून तपासून घ्यावा, असे मी सुचवले, कारण २०२० च्याच रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीचा आदेश त्या पद्धतीने अमलात आणता येईल असे म्हटले आहे.

त्यांच्या भावाने वेगळीच शंका काढली: दाजी तुरुंगात जाऊन आले की देणे फिटेल का? थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, पण ती पैसे द्यायला भाग पाडण्यासाठी असते. कैद भोगल्याने देणे संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे.

वकिलाच्या खर्चाचा प्रश्न उरला होता. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, म्हणून पोटगीच्या आदेशाची प्रत, मुलाचा जन्मदाखला आणि पासबुक घेऊन मी त्यांना तालुका विधी सेवा समितीकडे पाठवले. निघण्यापूर्वी त्यांनी माझा पेन मागितला आणि जून, जुलैच्या पानांवर सवयीने मारलेल्या दोन फुल्या स्वतःच खोडल्या.