खिचडीतली भाजी: नव्या मदतनीस ताईंसाठी

ताई, शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी धरा, सहावी ते आठवीला 75. म्हणजे लहान 40 मुलांना 2 किलो. वजन नुसत्या बटाट्यावर भरून काढू नका. मेथी-पालक आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली की क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं. गाजर-भोपळा फोडणीत, पालेभाजी मात्र उतरवायच्या पाच मिनिटं आधी. मोठ्या फोडी मुलं वेचून ताटाच्या कडेला लावतात, म्हणून गाजर किसूनच घाला. लिंबू आच बंद केल्यावर पिळा: पालेभाजीतलं लोह अंगी लागायला ते हवंच. पेरूच्या दिवसांत एकेक फोड द्या, त्यात लिंबापेक्षा क जीवनसत्त्व कितीतरी जास्त.